चालक घडवायचा कोणाच्या खर्चाने?

तृतीय वर्ष कला शाखेतील एक विद्यार्थी तास संपल्यावर वर्गाच्या दाराशी रेंगाळला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी, हजेरी बेताची, पण प्रश्न विचारण्याची खोड असलेला. म्हणाला, "सर, ट्रक घ्यायचा म्हटलं तर फायनान्सवाले घरी येऊन कागद करून देतात. पण ट्रक चालवायला शिकायचं म्हटलं तर कर्ज कोण देतं?" त्याचा थोरला भाऊ चार वर्षे एका ट्रकवर क्लीनर होता. त्याला आता हेवी लायसन काढावयाचे होते. प्रशिक्षण शाळेची फी, तेवढ्या दिवसांची बुडणारी मजुरी, शहरात राहण्याचा खर्च आणि मध्यस्थाला द्यावे लागतील ते पैसे, असा सारा हिशेब या विद्यार्थ्याने वहीच्या मागच्या पानावर मांडला होता. मी तो पाहिला, दोन-चार सल्ले दिले आणि त्याला परत पाठविले. उत्तर मात्र मला देता आले नव्हते. पुढे विचार करताना वाटू लागले की, हा प्रश्न एका कुटुंबाचा नसून आपल्या साऱ्या मालवाहतुकीचा आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी देशातील बहुतेक माल रेल्वेने जात असे. आज त्यातला मोठा हिस्सा रस्त्यावर आला आहे. लासलगावचा कांदा, सांगलीची हळद, न्हावा शेवा बंदरातील कंटेनर, औषधांची खोकी आणि शाळेची पाठ्यपुस्तके ही सारी कोणा ना कोणा ट्रकचालकाच्या हातून आपल्यापर्यंत येतात. या हातांची वाण आहे, असे सरकारच सांगते. २०१९ साली केंद्रीय परिवहन मंत्रालयाने वाहतूक क्षेत्रात सुमारे २२ लाख चालकांची तूट असल्याचे म्हटले होते. ज्या देशात शिपायाच्या एका जागेसाठी पदवीधरांचे अर्ज येतात, त्या देशात बावीस लाख जागांना माणसे मिळू नयेत, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावी अशी आहे. मागणी आहे, बेकारांची फौज आहे. मग मधली साखळी तुटते कोठे?

कायद्याची पायरी

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये वाहतुकीचे वाहन चालविण्याचा परवाना वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. त्यासाठीचा शिकाऊ परवाना मिळावयाचा तर त्याआधी किमान एक वर्ष हलके मोटार वाहन चालविण्याचा परवाना अर्जदाराजवळ असावा लागतो. वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. चाचणी द्यावयाची ती ज्या प्रकारच्या वाहनासाठी अर्ज केला असेल त्याच प्रकारच्या वाहनावर. मान्यताप्राप्त प्रशिक्षण शाळेत अशा वाहनांसाठी किमान तीस दिवसांचा अभ्यासक्रम १९८९ च्या केंद्रीय नियमांत घालून दिला आहे. हा परवाना पूर्वी तीन वर्षे चालत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षे झाली. ज्वालाग्राही वा विषारी मालाची वाहतूक करणाऱ्या चालकाला वेगळे, तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते.

कागदावर ही रचना वाजवी दिसते. परंतु ती वाचताना एक प्रश्न मनात येतो. एक वर्ष हलके वाहन चालविण्याचा अनुभव कोणाजवळ असतो? ज्याच्या घरी मोटार किंवा जीप आहे त्याच्याजवळ. ट्रकचालक होण्यासाठी जी मुले घर सोडतात त्यांच्या घरी बहुधा बैलगाडीही उरलेली नसते. अशा मुलाच्या दृष्टीने हलक्या वाहनाचा परवाना ही केवळ कागदोपत्री पायरी ठरते. तो परवाना तो काढतो आणि वर्षभर खिशात ठेवतो. त्याचे खरे शिक्षण या वर्षात आणि त्याच्या कितीतरी आधीपासून दुसरीकडेच चाललेले असते.

ते शिक्षण क्लीनरच्या जागेवर होते. चौदा-पंधराव्या वर्षी मुलगा ट्रकवर चढतो. काच पुसणे, टायरमधील हवा पाहणे, ताडपत्रीचे दोर आवळणे, गाडी मागे घेताना हाकारे देणे आणि उस्ताद झोपला की मालावर राखण करणे, ही त्याची कामे. दोन-तीन वर्षांनी एखाद्या रात्री रस्ता मोकळा पाहून उस्ताद स्टिअरिंग त्याच्या हाती देतो. पुढे खंबाटकी किंवा कसारा घाट उतरताना कोणता गिअर ठेवावयाचा, ब्रेक तापल्याचा वास कसा ओळखावयाचा, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांच्या थांबण्यात किती अंतर पडते, हे सारे तो शेजारी बसून शिकतो. आपल्या देशातील ट्रकचालकांच्या कितीतरी पिढ्या या शाळेत शिकल्या. या शाळेला इमारत नाही, फी नाही आणि कायद्याची मान्यताही नाही. तिच्यातला पहिला धडाच बहुतेक वेळा परवान्याशिवाय गाडी चालविण्याचा असतो. याचा सरळ अर्थ असा की, देशाची मालवाहतूक ज्या कौशल्यावर चालते ते बव्हंशी कायदा मोडून मिळविलेले कौशल्य आहे.

फी कोणी भरली?

या शाळेत फी नसते, असे वर म्हटले. ते अर्धेच खरे आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली दाखवून दिले होते की, निरनिराळ्या धंद्यांतील मजुरीत जो फरक पडतो त्याचे एक कारण तो धंदा शिकण्याची अवघडता आणि खर्च हे असते. शिकण्यात गेलेले पैसे व वर्षे पुढच्या मजुरीतून भरून निघाली पाहिजेत. एरवी त्या धंद्याकडे कोणी वळणार नाही. क्लीनर आपली फी अत्यल्प पगाराच्या वर्षांतून भरतो. दोन वेळचे जेवण आणि वरखर्चाला थोडे पैसे घेऊन तो चार-पाच वर्षे राबतो. हीच त्याची गुंतवणूक होय.

ही गुंतवणूक मालकाने का करू नये? गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ सालच्या 'ह्यूमन कॅपिटल' या ग्रंथात याचे उत्तर दिले आहे. प्रशिक्षण दोन प्रकारचे असते. एक, ज्याचा उपयोग त्याच कारखान्यात होतो; दुसरे, जे कोठेही उपयोगी पडते. दुसऱ्या प्रकारच्या प्रशिक्षणावर मालक खर्च करीत नाही, कारण शिकून तयार झालेला माणूस शेजारच्या मालकाकडे जाऊ शकतो. ट्रक चालविणे हे असे सर्वत्र उपयोगी पडणारे कौशल्य आहे. आपल्याकडील बहुसंख्य ट्रकमालक एक, दोन किंवा चार गाड्यांचे धनी आहेत. पुष्कळसे स्वतःच कर्जाच्या हप्त्यांत बुडालेले असतात. त्यांच्यापैकी एखाद्याने पदरचे पैसे खर्चून चालक तयार केला, तर पुढच्याच महिन्यात दुसरा मालक हजार रुपये जास्त देऊन त्याला नेईल. म्हणून प्रत्येक मालकाला तयार चालक हवा असतो आणि चालक तयार करण्याचे काम प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलतो.

मालक खर्च करीत नाही, तर मग शिकणाऱ्याने करावा, असे हे शास्त्र सांगते. परंतु शिकणाऱ्याजवळ पैसा नसतो आणि त्याला कर्जही मिळत नाही. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न येथे येऊन भिडतो. तीस-पस्तीस लाखांच्या ट्रकसाठी कर्ज मिळते, कारण हप्ता थकला तर ट्रक ओढून नेता येतो. माणसाच्या हातातील कसब मात्र जप्त करता येत नाही. केंद्र सरकारने २०१५ साली कौशल्य-कर्जाची योजना सुरू केली खरी. परंतु असे कर्ज मान्यताप्राप्त संस्थेतील अभ्यासक्रमासाठी असते. क्लीनरच्या जागेला ती मान्यता कोठून असणार? जेथे शिक्षण प्रत्यक्षात मिळते तेथे कर्ज नाही आणि जेथे कर्ज मिळू शकते तेथवर हा मुलगा पोचत नाही.

परवाना कशाची हमी देतो?

परवाना म्हणजे शासनाने जनतेला दिलेले आश्वासन होय. या माणसाच्या हाती वीस-पंचवीस टनांचे धूड सोपविण्यास हरकत नाही, असे त्यावरील शिक्का आपल्याला सांगतो. या आश्वासनाची किंमत किती, याचा शोध दिल्लीत एकदा पद्धतशीरपणे घेतला गेला. मारियान बर्ट्रांड, सिमियन जांकोव्ह, रेमा हॅना आणि सेंथिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी परवाना काढू इच्छिणाऱ्या ८२२ जणांचे गट पाडले. एका गटाला परवाना लवकर मिळविल्यास बक्षीस देऊ केले, दुसऱ्याला मोफत प्रशिक्षण दिले, तर तिसऱ्याला आपापल्या मार्गाने जाऊ दिले. त्यांचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना परवाना मिळाला त्यांच्यापैकी अर्ध्याहून अधिक लोकांनी चाचणी दिलीच नव्हती, आणि पुढे स्वतंत्रपणे चाचणी घेतली असता अर्ध्याहून अधिक लोकांना गाडी नीट चालविता येत नव्हती. बक्षिसाच्या आशेने धडपडणाऱ्यांना परवाना लवकर मिळाला तो दलालामार्फत. हा अभ्यास खाजगी मोटारीच्या परवान्याचा होता आणि त्यानंतर अनेक ठिकाणी संगणकीकृत चाचणी-मार्ग आले, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही त्यातील बोध ट्रकच्या परवान्यालाही लागू पडतो.

जॉर्ज अकरलॉफने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, चांगला माल व वाईट माल यांत गिऱ्हाइकाला फरक करता येत नसेल, तर चांगल्या मालाला रास्त भाव मिळत नाही आणि तो हळूहळू बाजारातून निघून जातो. जुन्या मोटारींचे हे तत्त्व चालकांच्या बाबतीतही खरे ठरते. ज्याने पाच वर्षे घाम गाळून कसब मिळविले त्याच्याजवळ आणि ज्याने दलालाला पैसे दिले त्याच्याजवळ एकच कार्ड असते. मालक मग सर्वांत स्वस्त पडेल तो चालक घेतो. चांगल्या चालकाला चांगुलपणाचा मोबदला मिळत नाही. तो आपल्या मुलाला सांगतो, "बाबा रे, काहीही कर, पण या लाइनीत येऊ नकोस." बावीस लाखांच्या तुटीमागे हे वाक्य उभे आहे. मजुरी कमी म्हणून माणसे येत नाहीत आणि कौशल्य ओळखले जात नाही म्हणून मजुरी वाढत नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

तूट भरून काढण्यासाठी २०१९ साली शासनाने जो मार्ग काढला तोही पाहण्यासारखा आहे. वाहतुकीच्या वाहनाच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती त्या वर्षी काढून टाकण्यात आली. या निर्णयाला नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. शाळा सुटलेल्या मुलाला रोजगाराचे दार बंद करणे अन्यायाचेच होते. परंतु शाळेची अट काढताना तिच्या जागी कौशल्याची अट तितक्याच नेटाने उभी करावयास हवी होती. अधिकृत चालक-प्रशिक्षण केंद्रांचे नियम १ जुलै २०२१ पासून अमलात आले. त्यांत जड वाहनांसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम आहे. जागा, चाचणी-मार्ग व सिम्युलेटर यांच्या अटी आहेत. आणि तेथे उत्तीर्ण होणाऱ्याला परिवहन कार्यालयातील चाचणी माफ आहे. पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र अशा केंद्राला जड वाहनांसाठी दोन एकर जागा लागते आणि यंत्रसामग्रीचा खर्च मोठा असतो. तो खर्च फीतून वसूल करावयाचा म्हटले की, आपण पुन्हा त्या वहीच्या मागच्या पानाशी येऊन थांबतो.

रिकामी होत चाललेली जागा

नवी शाळा अशी दूर असताना जुनी शाळा मात्र बंद होत चालली आहे. राष्ट्रीय परवान्यावर धावणाऱ्या ट्रकवर दोन चालक असले पाहिजेत, असा पूर्वी नियम होता. तो २०१८ साली रद्द झाला. दुसऱ्या चालकाचा खर्च वाचतो, म्हणून वाहतूकदारांची तशी मागणी होती. क्लीनर ठेवणेही आता अनेकांना परवडत नाही. परिणामी चालकाच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. त्या जागेवर बसून उद्याचा चालक तयार होत असे, हा हिशेब कोणीच केला नाही. डुलकी लागलेल्या चालकाला हाक मारणारेही तेथे कोणी उरले नाही.

कामाच्या तासांचा कायदा होता. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ प्रमाणे सर्वसाधारणपणे दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा होती. परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांपुरता होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडील चालक त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता अमलात आली आणि १९६१ चा कायदा तिच्यात विलीन झाला. या संहितेत परिवहन व्यवसायासाठीची मर्यादा दहा कामगारांची आहे. म्हणजे संरक्षणाची कक्षा रुंदावण्याऐवजी, या एका बाबतीत तरी, ती आणखी अरुंद झाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांची केबिन वातानुकूलित असावी, असा नियम झाला आहे. तो स्वागतार्ह आहे. पण थंड हवेत बसलेल्या माणसालाही चौदा तासांनंतर झोप येतेच.

या सर्वांचा शेवट रस्त्यावर होतो. २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हे सारे अपघात ट्रकचालकांनी केले असे नाही. या मृतांत दुचाकीस्वार आणि पादचारी मोठ्या संख्येने आहेत, तसेच खुद्द ट्रकचालकही आहेत. तथापि अपघातानंतर आपली चर्चा नेहमी एकाच दिशेने जाते. चालकाला शिक्षा किती, एवढाच प्रश्न आपण विचारतो. भारतीय न्याय संहितेतील कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, अपघात करून खबर न देता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करण्यात आली. तिच्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळील पानेवाडीच्या इंधन-डेपोतून टँकर बाहेर पडेनात आणि राज्यभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ पासून संहिता अमलात आली, तेव्हा ते पोटकलम वगळून ठेवण्यात आले. पळून जाणे हे समर्थनीय नव्हे. परंतु त्या दोन दिवसांत रांगेत उभ्या असलेल्या आपल्यापैकी किती जणांना असे वाटले की, ज्याला दहा वर्षांची शिक्षा सांगतो आहोत त्याला शिकविण्यासाठी आपण दहा दिवस तरी दिले आहेत काय?

दुसरीकडे काय घडते?

युरोपीय संघाने २००३ साली व्यावसायिक चालकांसाठी जो निर्देश काढला त्यात प्राथमिक प्रशिक्षणाचा पूर्ण अभ्यासक्रम २८० तासांचा, आणि संक्षिप्त अभ्यासक्रम १४० तासांचा ठरविण्यात आला. त्यानंतर दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी सक्तीची झाली. आपल्याकडेही दर पाच वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण होते. त्या वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शुल्क मागितले जाते. या पाच वर्षांत ब्रेकची यंत्रणा बदलली, रस्ते बदलले, गाड्यांचा वेग वाढला. चालकाने त्यांतले काय आत्मसात केले, हे विचारले जात नाही. धोकादायक मालाच्या चालकाला तेवढी एक दिवसाची उजळणी आहे. जणू उसाच्या किंवा सळईच्या ट्रकखाली सापडलेला माणूस कमी मरतो!

इतके दूरही जावयास नको. १९४८ साली पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेल्या आपल्या एस.टी.कडे पाहा. तेथे चालकाची निवड चाचणी घेऊन होते, त्याला प्रशिक्षण मिळते, कामगिरीचे वेळापत्रक असते, मुक्कामाला विश्रांतीची सोय असते. ही सोय नेहमीच चांगली असते असे नाही. पण असावी हे तत्त्व मान्य आहे. मात्र एस.टी.सुद्धा चालकाच्या जागेसाठी जड वाहनाचा परवाना व अनुभव मागत आली. तो अनुभव उमेदवाराने कोठे मिळवावयाचा? खाजगी ट्रकवरच. २०१९ साली महामंडळाने महिलांना चालक म्हणून घेण्याचे ठरविले, तेव्हा ही अडचण उघड झाली. क्लीनरच्या जागेवरून आलेल्या मुली असणार कोठून? महामंडळाला त्यांचे प्रशिक्षण स्वतःच करावे लागले, आणि २०२३ पासून त्या गाड्या चालवू लागल्या. संस्थेने मनावर घेतले, खर्च सोसला, तर स्टिअरिंगला कधीही हात न लावलेल्या घरातूनही उत्तम चालक तयार होतो, याचा हा आपल्या राज्यातील पुरावा आहे.

माथाडीचा धडा

परंतु एस.टी. हा एक मोठा मालक आहे. हजारो लहान मालकांच्या धंद्यात हा खर्च कोणी सोसावा? या प्रश्नाचे उत्तरही महाराष्ट्राने एकदा शोधून काढले आहे. ट्रकमध्ये माल चढविणारा हमाल आज या व्यापाऱ्याकडे तर उद्या त्या व्यापाऱ्याकडे काम करतो. त्याला कायमचा मालक नाही, म्हणून त्याला भविष्यनिर्वाह निधी नव्हता, रजा नव्हती, उपचार नव्हते. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्या नेत्यांनी संघटना उभी केली आणि १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. कामगार, मालक व शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन झाली. मालकांनी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने ती कामगाराच्या हितासाठी वापरावयाची, अशी ही योजना. या मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी आहेत, बनावट माथाडींचा उपद्रवही आहे. तरी मूळ कल्पना पक्की आहे. मालक अनेक आणि लहान असले, तर त्यांचा खर्च एकत्र करावा, म्हणजे एकट्या कोणावर भार पडत नाही आणि कोणाला फुकटचा लाभही उपटता येत नाही.

ट्रकमध्ये पोती टाकणाऱ्याला १९६९ साली जो न्याय मिळाला तो ट्रक चालविणाऱ्याला अद्याप मिळावयाचा आहे. चालक परराज्यांत फिरतो, त्याची नोंद ठेवणे कठीण, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. पण ट्रक तर कोठे ना कोठे नोंदलेला असतोच. त्याच्यावर कर भरावा लागतो आणि तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. या दोन ठिकाणी प्रत्येक मालक आजही पैसे भरतो. तेथेच एक लहानशी प्रशिक्षण-लेव्ही घेता येईल. बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन बांधकाम कामगारांचा निधी उभारण्याचा कायदा १९९६ साली संसदेने केलाच आहे. प्रशिक्षणाची लेव्ही सर्वांनी भरली, म्हणजे बेकरने सांगितलेली अडचण उरत नाही. शिकलेला चालक दुसऱ्याकडे गेला तरी तो दुसराही वर्गणीदारच असतो.

या निधीतून तीन कामे व्हावीत. पहिले, वीस वर्षे पूर्ण केलेल्या होतकरू तरुणाला मान्य केंद्रातील शिक्षण विनाशुल्क मिळावे आणि त्या सहा आठवड्यांची बुडालेली मजुरी विद्यावेतनाच्या रूपाने भरून निघावी. दुसरे, क्लीनरच्या जागेला शिकाऊ उमेदवारीचा दर्जा द्यावा. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आपल्याजवळ आहेच. जाणत्या चालकाच्या हाताखाली, शिकाऊ परवाना घेऊन, दिवसाउजेडी चालविलेल्या तासांची नोंदवही असावी आणि शिकविणाऱ्या चालकालाही त्याबद्दल मोबदला मिळावा. जुन्या शाळेतील ज्ञान असे कायद्याच्या कक्षेत आणता येईल. ते वाया जाऊ देणे हे राष्ट्रीय नुकसान आहे. तिसरे, दर पाच वर्षांच्या नूतनीकरणाला दोन-तीन दिवसांची उजळणी आणि डोळ्यांची खरीखुरी तपासणी जोडावी. त्या दिवसांचा पगारही निधीतून द्यावा, म्हणजे चालक ती चुकविणार नाही.

याने वाहतुकीचा दर वाढेल, असे म्हटले जाईल. थोडा वाढेल, कांद्याच्या किलोमागे तो हाताला लागणारही नाही. आज तो खर्च वाचतो असे आपल्याला वाटते, पण तो वाचलेला नसतो. तो दुसरे कोणीतरी भरते: अल्प पगारावर राबणारा क्लीनर, विम्याचे हप्ते भरणारे आपण सारे, आणि रात्री घाटाच्या वळणावर ज्यांची वाट पाहत घर जागे राहिले ती माणसे. अर्थशास्त्रात यालाच सामाजिक खर्च म्हणतात. भाव पाडून घेतलेल्या मालाची ही न दिसणारी किंमत आहे.

त्या विद्यार्थ्याच्या भावाला अखेर परवाना मिळाला. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून खर्च भागविला, असे तो सांगत होता. कार्डावर पाच वर्षांपुढची तारीख आहे. त्या तारखेपर्यंत तो लाखो किलोमीटर गाडी हाकील, आपला माल आपल्या दारी पोचवील, आणि त्याला काय येते, काय शिकावयाचे राहिले, हे त्याला कोणीही विचारणार नाही. निदान त्याच्या मागून येणाऱ्या मुलाला तरी बहिणीच्या लग्नाचे पैसे मोडावे लागू नयेत, एवढी व्यवस्था करणे महाराष्ट्राला अशक्य नाही. हमालासाठी ती आपण केली होती.